संदर्भांची किल्ली कुणाच्या खिशात?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० सरकारी संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक असा तिचा विस्तार आहे. हा पैसा योग्य जागी जातो आहे का, प्रकाशकांचेच उखळ पांढरे होते आहे का, मुक्त प्रकाशनाला यातून बळ मिळेल का, यावर विज्ञानजगतात पुष्कळ वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. परंतु त्या वादातून एक प्रश्न सपशेल निसटला. हाती आलेला निबंध संशोधक वाचतो, त्यावर खुणा करतो, समासात शंका लिहितो. मग ते सारे तो ठेवतो कुठे?

ते ठेवले जाते संदर्भ-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. एंडनोट, मेंडेली, झोटेरो, रेफवर्क्स ही त्यांतली परिचित नावे. लेखकाचे नाव, शीर्षक, वर्ष, पीडीएफ आणि टिपणे एका जागी साठवायची आणि लिहिताना हव्या त्या शैलीत तळटीप किंवा संदर्भसूची उभी करून द्यायची, हे त्यांचे काम. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे आणि पुढची सारी कारकीर्द यांत जमलेले हे भांडार म्हणजे संशोधकाच्या वाचनाची एकमेव वही असते. प्रबंध ग्रंथालयात जातो, निबंध नियतकालिकांत जातात. काय वाचले, कुठे अडले, कोणता मुद्दा कशासाठी नाकारला, याची नोंद मात्र त्या वहीतच राहते.

या वहीला कुलूप कोणाचे, हे न विचारताच आपल्याकडच्या संस्था ती विद्यार्थ्यांच्या हाती देत असतात. सॉफ्टवेअरमध्ये शिरायचे कसे याची कार्यशाळा होते; त्यातून बाहेर कसे पडायचे याची क्वचितच होते. वास्तविक निवडीचा पहिला निकष बाहेर पडण्याची वाट हाच असायला हवा. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे चटकन पटत नाही, कारण त्याच्या क्षेत्रात या कुलपाचा जाच उशिरा जाणवतो. कायद्याच्या संशोधकाला तो पहिल्याच प्रकरणात जाणवतो. म्हणून कायद्यापासून सुरुवात केलेली बरी.

एका तळटिपेचा पसारा

भौतिकशास्त्राच्या निबंधाला एक डीओआय क्रमांक असतो. तो सॉफ्टवेअरला दिला की लेखकांची नावे, खंड, पृष्ठ, वर्ष आपोआप भरले जातात. संदर्भ देणे ही समस्या सुटलेलीच आहे, असा विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा समज यातूनच होतो.

आता पेटंट कायद्यावर संशोधन करणारा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. त्याचा विषय आहे ‘नोव्हार्टिस विरुद्ध भारत सरकार’. इमॅटिनिब मेसिलेट या रक्ताच्या कर्करोगावरील औषधाच्या विशिष्ट स्फटिकरूपाला पेटंट द्यायचे का, हा त्यातला वाद; १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकारार्थी निकालात काढला. या एका निकालावर चार ओळी लिहायच्या तर विद्यार्थ्याला कशाकशाचा संदर्भ द्यावा लागतो? इमॅटिनिबच्या परिणामावरचा १९९६ सालचा ‘नेचर मेडिसिन’मधला निबंध, मूळ रेणूचे अमेरिकी पेटंट, चेन्नईच्या पेटंट कार्यालयाचा आदेश, अपिलीय मंडळाचा निर्णय, पेटंट कायदा १९७० चे कलम ३(डी), त्या कलमाची २००५ ची दुरुस्ती, तिच्यावरची संसदेतील चर्चा, आणि अखेर निकाल स्वतः. यांतल्या पहिल्या संदर्भाला डीओआय आहे. बाकीच्यांना नाही.

कलमाचा संदर्भ तर तारखेवाचून अपुराच. कलम ३(डी) कायद्यात २००५ पूर्वीही होते. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला गुणकारितेत वाढ दाखवावी लागेल, ही कसोटी मात्र दुरुस्तीनंतर आली. क्रमांक तोच, मजकूर वेगळा. याच्या उलट परिस्थिती फौजदारी कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ चे १०३ झाले. विषय तोच, क्रमांक वेगळा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये कलमाला ‘अमुक तारखेस लागू असलेला मजकूर’ नोंदवायला जागा नाही, ते कायद्याच्या विद्यार्थ्याला अर्धीच वही देते.

तळटिपांचा प्रश्न याहून किचकट. विज्ञानाच्या निबंधात [१२] असा कंसातला आकडा पुरतो. कायद्याच्या लेखनात पहिल्यांदा पूर्ण संदर्भ, लगेच पुढे ‘तत्रैव’, आणि नंतर ‘वरील टीप १२ पाहा’ अशी मागे बोट दाखवणारी पद्धत असते. तिसऱ्या पानावर एक नवी टीप घातली की त्यापुढची अशी सगळी बोटे चुकीच्या दिशेला वळतात. शिवाय संदर्भ पृष्ठापुरता न राहता परिच्छेदापर्यंत न्यावा लागतो. शैलीही एक नाही: अमेरिकेचे ब्लूबुक, ऑक्सफर्डची ऑस्कोला, भारतीय विधी संस्थेची स्वतःची पद्धत, शिवाय प्रत्येक विधी विद्यापीठाच्या नियतकालिकाचे आपले वेगळे नियम. एकच लेख दोन ठिकाणी पाठवायचा तर दोनशे टिपा पुन्हा लिहाव्या लागतात. ज्याला या सॉफ्टवेअरची सर्वाधिक गरज, त्याच विद्यार्थ्याची सोय पाहून ते क्वचितच बनवले गेले आहे.

पत्ता कोणाचा?

याच्या मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. न्यायालयाचा निकाल सार्वजनिक असतो, पण भारतात त्याचा ‘पत्ता’ दीर्घकाळ खासगी होता. नोव्हार्टिसचा निकाल वकील ‘(२०१३) ६ एससीसी १’ असा सांगतात. केशवानंद भारतीचा निकाल कोणी ‘(१९७३) ४ एससीसी २२५’ म्हणतो, तर कोणी ‘एआयआर १९७३ एससी १४६१’. पहिला पत्ता लखनौच्या ईस्टर्न बुक कंपनीने १९६९ पासून चालवलेल्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’चा, दुसरा नागपूरहून १९१४ पासून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चा. या दोन्ही मालिकांनी भारतीय न्यायव्यवस्थेची मोठी सेवा केली, यात शंका नाही. कागदाच्या काळात निकाल छापून खेडोपाडीच्या वकिलापर्यंत पोचवणारे दुसरे होतेच कोण? तरीही राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त सांगणाऱ्या निकालाकडे बोट दाखवायचे तर एखाद्या प्रकाशकाच्या खंड-पृष्ठाचाच आधार घ्यावा लागे, हेही खरे.

मालकीचा हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निकालाच्या मजकुरावर प्रकाशकाला मक्तेदारी सांगता येणार नाही. किरकोळ दुरुस्त्या केल्याने तो त्याचा होत नाही. मात्र निकालाचे परिच्छेद पाडणे, त्यांना क्रमांक देणे, कोणता न्यायाधीश कोणाशी सहमत हे दर्शवणे, अशा ज्या कामांत संपादकाचे कौशल्य आणि निर्णयबुद्धी लागते, त्यांना न्यायालयाने संरक्षण दिले. म्हणजे मजकूर जनतेचा ठरला, पण त्या मजकुरातल्या नेमक्या जागेकडे नेणारी पायवाट प्रकाशकाची राहिली. संदर्भ देणाऱ्याला हवी असते ती नेमकी पायवाट.

२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन पावले टाकली. जानेवारीत अधिकृत निकालमालिका ई-एससीआर या नावाने सर्वांना विनामूल्य खुली केली, आणि फेब्रुवारीत तटस्थ संदर्भपद्धती जाहीर केली. ‘२०२३ आयएनएससी १’ अशा रूपात वर्ष, न्यायालय आणि अनुक्रम एवढेच त्यात असते. प्रकाशकाचे नाव कुठेच नाही. काही उच्च न्यायालयांनी अशी पद्धत आधीच सुरू केली होती. निकालाचा पत्ता विक्रेत्याच्या हातून सोडवून घेण्यात शंभर वर्षे गेली, पण अखेर न्यायव्यवस्थेला ते उमगले. विद्यापीठांना हीच गोष्ट संशोधकाच्या वहीबाबत अजून उमगलेली नाही. आणि तिथे तर साधा पत्ता पणाला लागलेला नसून त्या पत्त्यावर बसून केलेला सारा विचार पणाला लागलेला आहे.

कुलूप लावण्याचा इतिहास

वहीला कुलूप लावले जाते ही भीती काल्पनिक नाही. झोटेरो हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास-केंद्रात २००६ मध्ये तयार झाले. दोनच वर्षांनी, २००८ मध्ये, एंडनोटची तेव्हाची मालक थॉमसन रॉयटर्स हिने त्या विद्यापीठावर दावा ठोकला. आक्षेप काय, तर एंडनोटच्या शैली-फाइली झोटेरोला वाचता येऊ लागल्या! मागणी कोटीभर डॉलरांच्या भरपाईची. हा दावा २००९ मध्ये फेटाळला गेला. वेस्टलॉ हे कायद्याचे बलाढ्य माहितीभांडार याच थॉमसन रॉयटर्सचे, हे विधी-संशोधकांनी विसरू नये. एंडनोट पुढे क्लॅरिव्हेटकडे गेले. २०२१ मध्ये प्रोक्वेस्ट विकत घेतल्यावर रेफवर्क्सही क्लॅरिव्हेटच्याच छत्राखाली आले.

मेंडेलीची कहाणी अधिक बोलकी आहे. तरुण संशोधकांनी उभे केलेले हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये एल्सव्हिअरने विकत घेतले. २०१८ मध्ये मेंडेलीच्या नव्या आवृत्तीने वापरकर्त्याच्याच संगणकावरील त्याची नोंद-फाइल कूटबद्ध करायला सुरुवात केली. तोवर झोटेरो ती फाइल थेट वाचून सारे भांडार उचलून नेऊ शकत असे; ती वाट त्या दिवशी बंद झाली. सुरक्षितता आणि युरोपातील विदा-संरक्षणाचा कायदा ही कारणे कंपनीने पुढे केली. झोटेरोच्या विकासकांना मग मेंडेलीच्या ऑनलाइन सेवेतून वळसा घालून नवी वाट पाडावी लागली. स्वतःच्या यंत्रावरची, स्वतःच्या वाचनाची नोंद स्वतःलाच दुसऱ्या साधनाने उघडता येऊ नये, ही कोणाची सुरक्षितता? २०२१ मध्ये मेंडेलीची मोबाइल अॅप बंद झाली आणि सप्टेंबर २०२२ पासून जुने मेंडेली डेस्कटॉप उतरवून घेण्याची सोयही संपली. ज्यांनी सवयीने सारा प्रपंच तिथे मांडला होता, त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले.

एल्सव्हिअरची पालक कंपनी रेलेक्स. कायद्यातले लेक्सिसनेक्सिसही तिचेच. निबंध विकणारा तोच, निबंध कोणी किती उद्धृत केला हे मोजणारा तोच, आणि वाचकाची वही सांभाळणाराही तोच. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’मध्ये देश या व्यवस्थेला पैसे मोजतो आहे. पैसे मोजणाऱ्याने वहीबद्दल एक शब्दही विचारू नये, याला भाबडेपणा म्हणावे की बेफिकिरी?

बिऱ्हाड हलवताना काय हरवते

‘आवडले नाही तर बदलता येते की,’ असे सर्रास सांगितले जाते. सगळीकडे एक्स्पोर्टचे बटण असते, आरआयएस किंवा बिबटेक्स स्वरूपातली फाइल मिळते, ती नव्या ठिकाणी चढवली की झाले. हे अर्धसत्य आहे.

त्या फाइलीतून लेखक, शीर्षक, वर्ष बहुतेक वेळा सुखरूप जातात. मग मागे काय राहते? उपविभागांची उतरंड बऱ्याचदा सपाट होते. पीडीएफवरच्या खुणा पीडीएफच्या आत नसून सॉफ्टवेअरच्या कोठारात असतील, तर त्या जागीच राहतात. झोटेरोही यात धुतल्या तांदळासारखे नाही: २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्याच्या अंगभूत वाचकातील खुणा कोठारातच जातात, फरक एवढाच की त्या खुणांसह पीडीएफ बाहेर काढण्याची सोय त्यात ठेवलेली आहे. वर्डमधील प्रबंधात गुंफलेले ‘जिवंत’ संदर्भ ही आणखी मोठी अडचण. एंडनोटने घातलेले असे संदर्भ झोटेरोला ओळखता येत नाहीत. साडेतीनशे टिपांचा प्रबंध असेल तर साडेतीनशे टिपा नव्याने घालाव्या लागतात.

कायद्याच्या विद्यार्थ्याचे याहून एक वेगळे नुकसान होते आणि ते त्याला फार उशिरा कळते. निकालासाठी योग्य नोंद-प्रकार सापडला नाही किंवा त्यातून तळटीप हवी तशी निघाली नाही, की तो निकालाची नोंद ‘नियतकालिकातील लेख’ म्हणून करतो. पक्षकारांची नावे शीर्षकात, न्यायालय लेखकाच्या रकान्यात, निकालमालिका नियतकालिकाच्या रकान्यात. तळटीप छान दिसते आणि वेळ निभावते. सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की ही सोंगे उघडी पडतात. नव्या ठिकाणी ‘सर्वोच्च न्यायालय’ हे एका लेखकाचे आडनाव होऊन बसते आणि तीनशे निकालांची नोंद हाताने सुधारावी लागते. कुलूप दर वेळी कंपनीच लावते असे नाही. घाईत केलेली नोंदही कुलूपच असते.

ज्याचे स्वरूप उघडे, ते टिकते. बिबटेक्सचे उदाहरण भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याजवळ आहे. ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये ते घडवले. साध्या मजकुराची फाइल, कोणत्याही संपादकात उघडणारी. तेव्हाची नोंद आजही वाचता येते. आरआयएस स्वरूपाची कथा याहून गमतीची. ज्या ‘रेफरन्स मॅनेजर’ सॉफ्टवेअरच्या कर्त्यांकडून ते आले, त्याची विक्री २०१५ च्या अखेरीस थांबली. सॉफ्टवेअर गेले, स्वरूप राहिले, कारण ते सर्वांना वाचता येत होते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप दर्जाचा. ‘व्यावसायिक सॉफ्टवेअर अधिक पक्के असते, तक्रारीला कोणीतरी बांधील असते.’ यात तथ्य आहे. हजारो नोंदी चाळून करायच्या वैद्यकीय आढाव्यांसाठी एंडनोट आजही अनेकांना सोयीचे वाटते, आणि ज्याचे काम सुरळीत चालले आहे त्याने केवळ तत्त्वासाठी घर मोडू नये. परंतु मुक्तस्रोत म्हणजे हौशी काम, हा समज चुकीचा आहे. संदर्भशैली लिहिण्याची जी सामाईक भाषा झोटेरो आणि मेंडेली दोघेही वापरतात, ती ब्रूस डार्कस या भूगोलाच्या प्राध्यापकाने सुरू केली. आज तिच्यात दहा हजारांहून अधिक शैली उपलब्ध आहेत. त्या शैलींनुसार प्रत्यक्ष संदर्भ रचणारे सिटप्रॉक-जेएस हे इंजिन लिहिले जपानच्या नागोया विद्यापीठातील फ्रँक बेनेट या कायद्याच्या अध्यापकाने. विज्ञानाच्या असंख्य निबंधांतली संदर्भसूची एका विधी-शिक्षकाने लिहिलेल्या आज्ञावलीतून बाहेर पडते, हे किती वैज्ञानिकांना ठाऊक असेल?

याच बेनेट यांनी कायद्यासाठी झोटेरोची ‘ज्युरिस-एम’ ही आवृत्ती घडवली. न्यायक्षेत्र, न्यायालय, एकाच निकालाचे समांतर संदर्भ आणि एकाच नोंदीत अनेक भाषा, हे सारे तिच्यात आहे. ती मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर उभी आहे, ही तिची मर्यादा. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या क्षेत्रात विधी-संशोधकांचे सर्वांत योग्य साधन एकट्या अध्यापकाच्या चिकाटीवर तगून राहते, याची लाज त्या अध्यापकाला नको, संस्थांना वाटायला हवी.

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘विद्यापीठाने परवाना घेतला आहे, विद्यार्थ्याला फुकटच मिळते.’ हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार आहे. संस्थेचा परवाना संस्थेपुरता असतो. पदवी मिळाली, ई-मेल खाते बंद झाले, की त्यावर बेतलेली वही अधांतरी लटकते. महानगरातल्या संस्थेत नोकरी लागलेला नवा परवाना मिळवील. तालुक्याच्या विधी महाविद्यालयात शिकवायला गेलेल्या मुलीने काय करावे? फुकटचा हा कालावधी नेमका सवय जडेपर्यंत पुरतो.

तिसरा आक्षेप ताजा आहे. ‘आता कृत्रिम बुद्धिमत्ता संदर्भ लिहून देते, या सॉफ्टवेअरची गरजच काय?’ याचे उत्तर न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२३ मध्ये दिले. ‘माता विरुद्ध अॅव्हिआन्का’ या प्रकरणात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीही न दिलेले निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि ५,००० डॉलरांचा दंड ओढवून घेतला. बनावट संदर्भाची शैली निर्दोष असू शकते. त्याच्या मागे वाचलेले कागद मात्र नसतात. ज्याच्या प्रत्येक नोंदीमागे निकालाची प्रत आहे आणि प्रतीवर स्वतःच्या खुणा आहेत, त्याचीच तळटीप उलटतपासणीला उभी राहते. यंत्र जितके बोलके होईल, तितकी स्वतःची वही मोलाची होईल.

निवडताना आणि बदलताना

उपदेश थोडक्यात आटोपता येण्याजोगा आहे.

१. निवडण्याआधी दहा अवघड नोंदींची कसोटी घ्यावी: समांतर संदर्भ असलेला एक निकाल, तटस्थ संदर्भ असलेला एक, दुरुस्त झालेले कलम, विधी आयोगाचा अहवाल, संविधान सभेतील चर्चा, राजपत्रातील अधिसूचना, पेटंट, आंतरराष्ट्रीय करार, परदेशी निकाल आणि मराठीतला एक लेख. या दहांच्या तळटिपा नीट निघाल्या नाहीत, तर उरलेल्या हजारांचे भवितव्य कळले.

२. त्याच दिवशी त्या दहा नोंदी बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून पाहाव्यात. काय गळले ते डोळ्यांनी पाहावे. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.

३. निकालाची नोंद निकाल म्हणूनच करावी. शैली अपुरी असेल तर तळटीप हाताने सुधारावी. नोंद खोटी करू नये.

४. प्रबंधाच्या ऐन मध्यात सॉफ्टवेअर बदलू नये. बदलायचेच तर एक प्रकरण संपून दुसरे सुरू होण्यापूर्वी बदलावे. जुने भांडार जसेच्या तसे जपून ठेवावे आणि शेवटच्या मसुद्याची, संदर्भ गोठवलेली एक प्रत वेगळी काढावी.

५. पीडीएफ स्वतःच्या डिस्कवर असाव्यात आणि दर सहा महिन्यांनी सारे भांडार उघड्या स्वरूपात उतरवून घ्यावे. झोटेरोची फुकट ऑनलाइन जागा ३०० एमबी असते, म्हणजे ती लवकर भरते. परंतु फाइली तिथेच ठेवण्याची सक्ती नाही.

संस्थांकडे मागणी

विद्यार्थ्याने एवढे केले तरी प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. उरलेला अर्धा धोरणाचा आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेची मंजूर मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. पुढच्या वाटाघाटींना बसताना देशाने एक साधी अट घालावी: जो प्रकाशक संदर्भ-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअरही चालवतो, त्याने वापरकर्त्याच्या सर्व नोंदी, टिपणे, खुणा आणि विभागरचना उघड्या, दस्तऐवजीकरण केलेल्या स्वरूपात पूर्णपणे बाहेर काढण्याची सोय दिली पाहिजे आणि ती मागे घेता कामा नये. मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याचा हक्क भारतीय ग्राहकाला २०११ पासून आहे. संशोधकाच्या दहा वर्षांच्या वाचनाला दहा आकडी क्रमांकाइतकाही मान मिळू नये?

दुसरी मागणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे आहे. देशभरचे प्रबंध शोधगंगेत आणून दाखवणाऱ्या या संस्थेला भारतीय विधी-संदर्भशैली उघड्या स्वरूपात लिहून घेणे, त्या दुरुस्त ठेवणे, आणि ई-एससीआर व इंडिया कोडवरून निकाल व कायदे थेट वहीत उतरवणारे जोड तयार करणे कठीण नाही. ६,००० कोटींच्या शेजारी त्याचा खर्च दिसणारही नाही. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे शेकडो तास मात्र वाचतील, आणि विज्ञान व कायदा यांच्या सीमेवर, म्हणजे पेटंट, पर्यावरण, औषधे आणि विदा-संरक्षण या विषयांवर, काम करणाऱ्यांना प्रथमच एक सलग साधन मिळेल.

तिसरी मागणी ग्रंथालयांकडे. संदर्भ-व्यवस्थापनाची कार्यशाळा विक्रेत्याच्या प्रतिनिधीवर सोपवू नये. ती ग्रंथपालाने घ्यावी, निदान दोन सॉफ्टवेअर शेजारी-शेजारी ठेवून घ्यावी, आणि तिचा शेवटचा तास एकातून दुसऱ्यात जाण्याच्या प्रात्यक्षिकाचा असावा. विक्रेता आपल्या दुकानातून बाहेर पडण्याचा रस्ता कधीच दाखवणार नाही. त्याच्याकडून ती अपेक्षाही चूक आहे.

हा प्रश्न क्षुल्लक आहे, एका साधनाचा आहे, असे अजूनही वाटणे शक्य आहे. निकालाचा पत्ता हाही एके काळी क्षुल्लकच वाटत होता. कोणत्या मालिकेचे खंड-पृष्ठ लिहायचे एवढीच ती बाब. पण पत्ता ज्याच्या हाती, त्याच्या दारावरून गेल्यावाचून निकालापर्यंत पोचता येत नाही, हे ध्यानात आले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचा पत्ता स्वतः लिहायला घेतला. संशोधकाने वाचलेल्या प्रत्येक पानाचा पत्ता त्याच्या वहीत असतो. देश त्या पानांसाठी पैसे मोजतो आहे. वही मात्र दुसऱ्याच्या कपाटात आहे. २०२७ च्या आधी ती परत मागायला हवी.